खिंडीच्या अलीकडे

बाळंतपणानंतर पहिल्यांदाच ती ग्लायडरमधून एकटी निघाली. मांडीवरच्या छोट्या यंत्रात नकाशा तिच्यासोबत सरकत होता. इंजिनाशिवाय तरंगत जिथवर पोहोचता येईल, तिथवरची हद्द हिरव्या रेघेनं दिसायची. दोन वर्षं हुलकावणी देणारी खिंड आज रेघेच्या आत आली. "जा बिनधास्त पलीकडे! असे ढग रोज मिळत नाहीत," शिकवणारे सर रेडिओवर म्हणाले. तेवढ्यात तिला पान्हा फुटला. पिल्लू उठलं असेल, आजीला सळो की पळो करत असेल. जीव खिंडीत अडकलेला, तरी तिनं ग्लायडर माघारी वळवला. उतरताच ती मैदानाच्या कडेला बाळाला घेऊन बसलेल्या आईकडे धावली. "अगं, एवढ्यात आलीस? ढाराढूर झोपलाय लबाड! जा, फिर अजून." ग्लायडरला वर ओढून नेणारं विमान दिवसातून एकदाच वाट्याला येतं, हे आईला कुठं ठाऊक? सतरंजीवर बसून ती बाळाच्या तळव्याला हळूच गुदगुल्या करू लागली.