कोशातला पहिला अर्थ

"‘त्याने माझ्यासमोर नाक मुरडले, मला हातानेच झिडकारले, पाठ फिरवली आणि माझा हुकूम धाब्यावर बसवून चालता झाला.’" दुभाषी बाईंनी तक्रारीचं शेवटचं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं आणि चष्मा काढला.

वाक्य झकास उतरलं होतं. मॅनेजरसाहेब नवे, परमुलखातून आलेले, मराठीचा त्यांना गंधही नव्हता. त्यांची तक्रार इंग्रजीत, चार ओळींची, अगदी कोरडी. बाईंनी अख्खा रविवार घालवून तिच्यातल्या एकेका क्रियापदाला तोलामोलाचा वाक्प्रचार शोधला होता. माणसाला तुच्छ लेखायला इंग्रजांकडे शंभर क्रियापदं असतील तर आपल्याकडे दीडशे आहेत, हे त्या कारखानाभर अभिमानाने सांगत.

समोरच्या खुर्चीत बॉयलरवाला बसला होता. तेवीस वर्षं ब्लँकेटच्या या कारखान्याचा बॉयलर त्याच्याच हातात होता. आज तक्रार खरी ठरली की नोकरी गेली, हे त्यालाही ठाऊक होतं. धाकट्या मुलीचं शिक्षण अजून दोन वर्षं बाकी होतं. त्याने टोपी गुडघ्यावर घट्ट दाबून धरली होती.

साहेब रुमालात शिंकले. महिनाभर त्यांची सर्दी हटत नव्हती.

"हे सगळं मान्य आहे तुम्हाला?" चौकशी करणाऱ्या मॅडमनी बॉयलरवाल्याला विचारलं.

तो उठला. बोलायची त्याला सवय नव्हती.

"हात केला, खरंय. पाठ पण फिरवली. पण नाक नाही मुरडलं, मॅडम. वास घेतला."

"कसला वास?"

"गॅसचा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"साहेब आले तेव्हाच आला वास," तो म्हणाला. "बॉयलरच्या धडधडीत त्यांचा हुकूम ऐकूच आला नाही, आणि ओरडून काय उपयोग? आम्ही तिथं हातानंच बोलतो. साहेबांना हात केला, बाहेर जा म्हणून. गॅसचा कॉक मागच्या भिंतीला आहे. पाठ फिरवल्याशिवाय बंद कसा करणार?"

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"कागदावर नुसतं ‘उद्धट वर्तन’ लिहून आलं होतं. मला वाटलं, कधीतरी साहेबांना नमस्कार करायचा राहिला असेल. आज बाईंनी वाचलं तेव्हा कळलं, त्या दिवसाचं आहे ते."

मॅडमनी बॉयलरची वही मागवली. तक्रारीच्या तारखेचं पान उघडलं. कोळशासारख्या काळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘सव्वाअकरा. गॅसचा वास. कॉक बंद. वायसर बदलला. दोनला परत चालू.’ साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि या पानाचा अनुवाद बाईंकडे कुणी मागितला नव्हता.

बाईंनी इंग्रजी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. ‘स्निफ्ड’. कोशात त्याचे दोन अर्थ होते. पहिला, हुंगणे. दुसरा, नाक मुरडणे. त्यांनी दुसरा उचलला होता, कारण पहिला फारच साधा वाटला होता. आपल्या एका रविवारच्या हौसेपायी या माणसाचं घर बसलं असतं, हे त्यांना लख्ख दिसलं.

"चूक माझी आहे, मॅडम," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "साहेबांचा गैरसमज झाला, पण लिहिताना त्यांनी डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहिलं. तिखटमीठ मी लावलं."

मग त्यांनी सगळी हकीकत साहेबांना इंग्रजीत सांगितली, एकही अलंकार न घालता. साहेबांचा चेहरा पांढरा पडत गेला. त्यांनी हातातल्या रुमालाकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना कसलाच वास आला नव्हता.

मॅडमनी आरोपपत्रावर आडवी रेघ ओढली. "तुम्ही कामावर जा," त्या बॉयलरवाल्याला म्हणाल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला. बॉयलरवाल्याच्या आधी त्याच मटकन खाली बसल्या, आणि मग त्यांना हसूही आलं.

साहेब मात्र उठले. टेबलाला वळसा घालून बॉयलरवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. ते इंग्रजीत एकच वाक्य बोलले, तेही अडखळत. माफ कर, एवढंच त्याचं मराठी होतं. बाईंनी तेवढंच केलं.

बॉयलरवाल्याने टोपी डोक्यावर चढवली. साहेबांच्या तोंडापुढे हात झटकला, अगदी तक्रारीत लिहिला होता तस्सा, आणि पाठ फिरवून तो दाराकडे चालू लागला.

साहेब गोंधळून बाईंकडे वळले. आता हा काय म्हणतोय?

बाईंच्या जिभेवर चार वाक्प्रचार तयार होते. त्यांनी ते गिळले.

"अहो, थांबा जरा," त्यांनी बॉयलरवाल्याला हाक मारली. "हा हात केलात, त्याचा अर्थ काय सांगू साहेबांना?"

तो दारातून मागे वळून हसला.

"जाऊ द्या म्हणतोय, बाई."