फाटकावरची वही

“बारा? आमच्या मॅचला बारा माणसं?” नोटीस वाचून मी ओरडलोच. प्रेक्षक येत नाहीत म्हणून कंपनी आमच्या खडकीचा हॉकी संघ नाशिकला हलवणार होती.

“मैदानाच्या फाटकावर वही ठेवलीय ना. तेवढ्याच सह्या झाल्या,” चहावाला मुनीर म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. अहो, फाटकातून जातं कोण? तीस वर्षं अख्खी खडकी मुनीरच्या टपरीमागच्या भिंतीच्या भगदाडातून आत शिरते, चहाचा ग्लास हातात घेऊन. मीसुद्धा!

रविवारी शेवटची मॅच होती, आणि मोजणीही शेवटचीच. दुपारपासून मी भगदाडात हात पसरून उभा राहिलो. “फाटकाकडून जा! सही कर, मग बस! ए शहाण्या, तूसुद्धा!” लोकांनी शिव्या घातल्या, पण वळसा घालून गेले. चारशे तरी असतील.

ओरडून ओरडून माझा घसा पार बसला. पहिला गोल झाल्याचा गलका ऐकून मीही धावत फाटक गाठलं. रखवालदाराने पेन पुढे केलं.

“सही करा, आजोबा. पहिल्यांदाच येताय ना? बसा निवांत, हॉकी कळेल हळूहळू.”