घरातलं मोठं माणूस

पोलीस चौकीच्या फाटकापाशी येऊन आजोबांचे पाय थांबले. आत पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शाळकरी मुलामुलींची, नव्या कॅडेटांची, रांग उभी होती आणि त्या रांगेत त्यांची नात होती. गणवेश तिला खांद्यांत जरा सैल होत होता.

"तू जा पुढे," ते आपल्या मुलीला म्हणाले. "मी इथूनच बघतो. इथून छान दिसतंय."

"आणि बॅज कसा लावणार? इथून फेकून?"

पोलिसांच्या या कॅडेट पथकात दाखल होताना बॅज घरातल्या मोठ्या माणसानं लावायचा, अशी तिथली पद्धत होती. नातीला विचारलं तेव्हा तिनं आईचं नाव घेतलं नाही, बापाचं घेतलं नाही. आजोबांचं सांगून मोकळी झाली. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. या फाटकातून ते पूर्वी बरेचदा आत गेले होते, पण दर वेळी कुणीतरी दंडाला धरून नेलं होतं. पाकीटमारी सोडून त्यांना जमाना झाला. केस पिकले, दात गेले. तरी आत एखाद्यानं ओळखलं आणि चोराची नात म्हणून पोरीला रांगेतून बाहेर काढलं तर?

"तिच्या बापाला आणायचं होतंस."

"रोज शाळेच्या दारात तिचा बाप उभा असतो का? तुम्ही असता. तिला तुम्हीच हवे आहात. चला आता. आणि आत गेल्यावर हात खिशात ठेवा, बाबा."

"कुणाच्या?"

मुलीला हसू फुटलं. हसता हसताच तिनं त्यांना आत ओढलं.

ते शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. एक हवालदार बॅजांचा ट्रे घेऊन रांगेपुढून चालला होता. मिशा पांढऱ्याशुभ्र, निवृत्तीला टेकलेला. एकेका घरचं माणूस उठायचं, पिनेशी झटापट करायचं आणि डोळे पुसत जागेवर यायचं. एका मुलाला त्याच्या काकांनी चांगलंच टोचलं. "आई गं," असं तो भर रांगेत म्हणाला आणि सगळे हसले.

मग नातीची पाळी आली. आजोबा खाली मान घालून तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. हवालदारानं ट्रे पुढे केला, आणि तो तसाच धरून बघत राहिला.

"फुंकर?" तो हळूच म्हणाला.

बाजारात त्यांना हेच नाव होतं. खिशावरून नुसती फुंकर गेल्यासारखं वाटायचं, आणि पाकीट गेलेलं माणसाला घरी पोचल्यावर कळायचं.

"तू इथं काय करतोयस?"

आजोबांचा चेहरा उतरला. "साहेब, हिचा त्यात काही संबंध नाही. पोर चांगली आहे. मी जातो. हिची आई लावेल बॅज."

"आजोबा, थांबा," नात म्हणाली. सावधानमध्ये उभी होती, त्यामुळे तिचे फक्त ओठ हलले. "हवालदारकाका, मॅडमना माहीत आहे. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाचा पोलिसांशी संबंध आलाय का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, खूप जवळचा."

हवालदारानं मागे वळून पाहिलं. रांगेच्या टोकाला इन्स्पेक्टर मॅडम उभ्या होत्या. त्यांनी मान किंचित हलवली आणि दुसरीकडे बघितलं.

हवालदारानं घसा साफ केला. ट्रे पुन्हा पुढे आला.

"घ्या, आजोबा. पिना जरा कडक आहेत. सांभाळून."

आजोबांनी बॅज उचलला. नातीनं श्वास रोखून डोळे मिटले.

"लावा ना."

"लावला."

तिनं डोळे उघडून खाली पाहिलं. खिशाच्या शिवणीवर बॅज अगदी सरळ बसला होता.

हवालदार कौतुकानं बघत होता. मग त्याला काहीतरी आठवलं. "माझं लग्नातलं घड्याळ असंच गेलं होतं बरं का. भर बाजारात. पत्ता लागला नाही."

"ते मी नाही," आजोबा चटकन म्हणाले. या एकाच बाबतीत त्यांचा आवाज चढला. "घड्याळाला मी कधी हात लावला नाही. ती कामं दुसऱ्यांची."

"खरंच?"

"नातीची शपथ."

"राहू दे. सासऱ्यानं दिलेलं होतं, चालतही नव्हतं धड," असं म्हणून हवालदार ट्रे घेऊन पुढे सरकला.

सगळ्यांचे बॅज लावून झाल्यावर मॅडमनी मोठ्यानं सांगितलं, की कॅडेटांचा पहिला सॅल्यूट बॅज लावणाऱ्या माणसाला. घरची मंडळी आपापल्या मुलासमोर येऊन उभी राहिली. कुणी पदर नीट केला, कुणी केसांवरून हात फिरवला. हुकूम सुटला. बूट एकदम जमिनीवर आपटले आणि नात एक पाऊल पुढे आली.

इतक्या जवळून, इतका कडक गणवेश समोर उभा राहिला आणि आजोबांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. मनगटाला मनगट लावून.

ते तसेच उभे होते. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

हात खाली घ्यायचा हुकूम अजून झाला नव्हता. तरी नातीनं कपाळापाशी नेलेला हात खाली आणला आणि ती दोन्ही मनगटं आपल्या हातांत घट्ट धरली.

मॅडमनी पुढचा हुकूम द्यायला जरा वेळ लावला.