बहिरी आवृत्ती

कुकरची शिट्टी अर्ध्यावर असतानाच आईच्या कानातलं यंत्र गप्प झालं. त्यातली मोफत संगणकप्रणाली नुकतीच एका कंपनीने विकत घेतली होती आणि जुनी आवृत्ती बंद केली होती. शाल्मलीने दुरुस्तीचा कोड लगेच लिहिला, पण यंत्र आता कंपनीच्या मंजुरीशिवाय काहीच स्वीकारत नव्हतं.

"मॅडम, कोड कंपनीचा आहे," फोनवरचा माणूस म्हणाला.

"अहो, तो मी लिहून सगळ्यांना वाटला होता! विरजण माझ्या घरचं, आणि दह्याला मीच हात लावायचा नाही?"

"दह्याची तक्रार आमच्याकडे घेत नाहीत, मॅडम."

आई मोठ्याने म्हणाली, "त्यांना कशाला विचारतेस गं? तूच केलंयस ना ते?"

दातओठ खात शाल्मली काय म्हणाली, ते आईला ऐकू गेलं नाही.