तळ्याजवळचं वळण

बाबांच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपला मागच्या चाकांसाठी मोटर बसवायला आमची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली. पुढे पेट्रोलचं इंजिन तसंच ठेवलं, मागे बॅटरीची पेटी आली. सगळं वायरिंग मी केलं, नववीतल्या मुलीने. माझी मैत्रीण सरिता मडावी नुसती टॉर्च धरून उभी असायची.

जीप वनखात्याकडे भाड्याने होती. मोटर बसवल्यानंतरच्या पहिल्या गस्तीला हट्टाने मीही बाबांशेजारी बसले. तळ्याजवळचा चढ आला.

"इथे इंजिनच राहू दे," बाबा म्हणाले.

"उगाच घाबरता तुम्ही. मोटर कशी खेचते बघा," म्हणत मी बटण फिरवलं. जीप अगदी गुपचूप चढू लागली.

"हुशार आहे हो तुमची पोरगी," मागून वनखात्याचे साहेब म्हणाले.

वळणावर बाबांनी नेहमीसारखा ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. इतकी वर्षं ती मला त्यांची खोड वाटायची. आज गुरगुर झालीच नाही, जीप फक्त पुढे उसळली.

समोर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या तीन बायका बोलत चालल्या होत्या. त्यांना पळायलाही वेळ मिळाला नाही. साहेबांनी कोयते जप्त केले आणि तिघींना जीपमध्ये बसवलं. मी मागे सरकले, तरी जागा कमी पडली म्हणून सरिताची आई माझ्या बॅटरीच्या पेटीवर बसली.

"तुमचीच गाडी होय," ती मला हळूच म्हणाली. "वळणावरचा नेहमीचा आवाजच नाही आला गं."

"आता रोज बॅटरीवरच यायचं," साहेब म्हणाले.

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना होकार देत मान डोलावली.