मनोऱ्याखालचा गाईड

इटलीतल्या बोलोन्या शहरात पदवी मिळायच्या आधी जो विद्यार्थी थोरल्या मनोऱ्यावर चढतो, त्याला पदवी जन्मात मिळत नाही, असं मानतात. ओरेस्ते ही गोष्ट गेली सव्वीस वर्षं पर्यटकांना मनोऱ्याच्या पायथ्याशी सांगतो. ते हसत हसत वर जातात आणि हा समोरच्या टपरीवर कॉफी पीत बसतो.

सोमवारी सहल कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. "लोकांच्या तक्रारी आल्यात, गाईड वर येतच नाही म्हणून. उद्यापासून चढायचं, नाहीतर दुसरीकडे काम बघा."

"नाही जमणार, लोरेदानाबाई."

"का, गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत." ओरेस्तेने आवाज खाली आणला. "रोमन कायद्याचा पेपर राहिलाय."

"अहो, नातू शाळेत जायला लागला तुमचा."

"म्हणून काय झालं? आई अजून विचारते, कधी देतोयस."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना हसू फुटलं.

"एवढं हसू येतंय, तर उद्या तुम्हीच न्या लोकांना वर," ओरेस्ते वैतागला.

बाईंनी खिडकीतून मनोऱ्याकडे एकदा बघितलं. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"माझे दोन पेपर राहिलेत."