एकसष्ट वेळा पडलेले झाड

करवत एकदा गुरगुरली आणि बंद झाली. मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बुधरीबाई बसली होती. ती उठायला तयार नव्हती.

"आजी, ऊठ न. मले आणखी दोन गावं करायचे हायेत," विक्की म्हणाला. तो वीज कंपनीसाठी झाडे तोडणाऱ्या ठेकेदाराचा माणूस.

"तं कर न दोन गावं. हे माह्या मायचं झाड हाय. तिनं वेचलं, आता मी वेचतो." तिची टोपली सकाळच्या मोहफुलांनी अर्धी भरली होती.

विक्कीने टॅबलेट तिच्यापुढे धरला. "हे पाह्य. खांब क्रमांक सदतीस. जवळचं झाड तीन वर्षांत एकसष्ट वेळा पडलं."

बुधरीबाईने मान मागे टाकून शेंड्यापर्यंत पाहिले.

"कवा?"

तहसीन शेख जीपमधून उतरल्या त्या याच वेळी. वनांचल वीज वितरण कंपनीत कोणती नोंद ठेवायची, ती कोणी करायची आणि कोणी बदलायची, हे त्यांच्या नियमांनी ठरत असे. चंद्रपूरहून त्या इथे मुरुमटोल्याला लाइनमन मुखरूला प्रशस्तिपत्र द्यायला आल्या होत्या. तीन वर्षांत वीज गेल्याच्या त्याच्या नोंदींत एकही रकाना रिकामा नव्हता आणि एकही नोंद उशिरा आली नव्हती. अख्ख्या विभागात शंभर टक्के गुण त्याला एकट्यालाच होते.

मुखरू प्रशस्तिपत्र छातीशी धरून उभा राहिला. तहसीननी टॅबलेट पाहिला, मग झाड पाहिले. झाड तारांपासून चाळीस पावले दूर होते.

"मुखरूभाऊ, हे झाड कधी पडलं होतं?"

"नाई मॅडम."

"मग एकसष्ट नोंदी?"

"लाईन वांदरं पाडतेत, मॅडम. शाळेच्या छतावरून उडी मारतेत, तारेले तार लागते, लाईन जाते. पण यादीत वांदर नाई न." त्याने आपला फोन पुढे केला. वीज जाण्याची चौदा कारणे होती. साप होता, पतंग होता, बर्फवृष्टी होती. "रकाना खाली ठेवला तं पुढं जाऊ देत नाई. पह्यले मी बर्फ टाकत होतो. मंग तुमच्याच हापिसातून फोन आला, का एप्रिलमंधी बर्फ काऊन पडून राह्यला. तवापासून झाड टाकतो. झाडाले कोणी काही बोललं नाई."

तहसीनना यादी आठवत होती. मंजुरीपूर्वी त्यांनी ती दोनदा तपासली होती. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

त्यांनी चंद्रपूरला फोन लावला. त्यांच्या विभागातला प्रवीण बोलला.

"मॅडम, यंदापासून पाचपेक्षा जास्त वेळा झाड पडलं की तोडण्याचा आदेश आपोआप निघतो. तो मागे घेता येत नाही. मूळ नोंद चुकीची ठरली तरच."

"मग मूळ नोंद दुरुस्त कर."

"तीस दिवसांनी नोंदीला कुलूप लागतं, मॅडम."

"हा नियम कोणाचा?"

"तुमचा."

"यादीत वानर घालता येईल?"

"समितीपुढे ठेवू. बैठक सप्टेंबरात आहे."

आदेश फक्त दोन प्रकारे बंद होत होता: 'झाड तोडले' किंवा 'झाड अस्तित्वात नाही'. दुसऱ्यासाठी जागेवरून काढलेला एक फोटो लागत असे.

तहसीननी फोन ठेवला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. एकदा नोंदीत शून्य पॉइंट सातचा पूर्ण एक केला म्हणून त्यांनी एका अभियंत्याला लेखी समज दिली होती.

विक्कीने करवतीचे यंत्र सुरू करायची दोरी पुन्हा हातात घेतली. "मॅडम, मी काय करू? आज संध्याकाळपर्यंत आदेश बंद कराचा हाय. ह्या आजीले तेवढं उठवा."

एक फूल टपकन तहसीनच्या फोनवर पडले. बुधरीबाईने हात लांब करून ते उचलले आणि टोपलीत टाकले.

"मॅडम, तुमच्या त्या डब्यात हे झाड पडलंच हाय न? एकसष्ट डाव पडलं. मंग पडलेलं राहू द्या तिथी. इथी काऊन पाडता?"

तहसीननी झाडाकडे पाठ केली. समोर कापलेल्या धानाची रिकामी शेते होती, थेट टेकडीपर्यंत. त्यांनी फोटो काढला. फोटो स्पष्ट आला. जागा बरोबर होती, वेळ बरोबर होती. कॅमेरा कोणत्या दिशेला धरावा, हे नियमात त्यांनी लिहिले नव्हते.

'झाड अस्तित्वात नाही' यावर त्यांनी बोट ठेवले.

विक्कीचा टॅबलेट वाजला. त्याने ओठ हलवत वाचले, मग मान वर केली, मग पुन्हा वाचले.

"मॅडम, इथी तं झाडच नाई."

"नाही," तहसीन म्हणाल्या. "पाहणी करून तशी सही करा."

ऊन चढले होते. विक्कीने करवत खाली ठेवली, जेवणाचा डबा उघडला आणि बुधरीबाईच्या शेजारी बसून जागा मोकळी असल्याची सही केली. मग सावली सरकली, तसा तोही थोडा बुंध्याकडे सरकला.